मरीन टँकमध्ये रात्री किडेच किडे, सरसकट औषध टाकू का?

खारपाण_टँक (दर्यापूर)

राम राम मंडळी. माह्याकडं चार बाय दीड बाय दीडचा मरीन टँक हाय, खाली छोटा संप (पाणी गाळायची खालची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), अन् आत दोन क्लाउन मासे, एक क्लीनर श्रिंप (झिंगा), थोडे हर्मिट खेकडे अन् काही स्नेल (गोगलगाई). कोरल एक बी नाई. दगड सगळे सिरॅमिकचे, फक्त एक दगड अन् मूठभर कीटोमॉर्फा शेवाळ एका ओळखीच्या माणसाच्या जुन्या टँकमधून आलं, बॅक्टेरिया लवकर जमावे म्हणून.

आता झालं असं का रात्री लाइट गेली होती, मोबाईलचा टॉर्च टँकवर मारला तं दगडाच्या भोकाभोकातून गुलाबी-नारंगी किडे बाहेर आलेले, बोटाएवढे लांब, दोन्ही बाजूनं पांढरे केस, उजेड पडला का सर्रकन आत. दिवसा नीट पाह्यलं तं काचेवर विटकरी रंगाचे बारीक चपटे ठिपके चिकटलेले अन् ते सरकतात बी. संपच्या पाइपावर पांढऱ्या गोल वळलेल्या नळ्या दिसून राहिल्या ते वेगळंच. घरचे म्हणतात टँक सडला, फेकून दे. गावात शेळ्यायच्या जंताचं औषध भेटते, ते टाकलं तं सगळे एकदमच मरतील का? कोणाले माहीत असन तं लवकर सांगा राजेहो.

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

भाऊ, पहिले ते औषध कपाटात ठेव. तुह्या एका पोस्टमध्ये तीन वेगवेगळे प्राणी हायेत अन् तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाई. केसवाले गुलाबी ते ब्रिसल वर्म, ते तुह्या टँकचे सफाई कामगार हायेत. पाइपावरच्या पांढऱ्या चकल्या म्हणजे स्पायरॉर्बिड, दोन-तीन मिलिमीटरच्या नळीत राहणारा बारका किडा, पाण्यातलं गाळून खाते, त्याच्याकडं पाहू बी नको. तिसरे जे विटकरी चपटे हायेत ना, काळजी त्याईची करायची. लोकं नेमकं उलटं करतात, केसवाल्याले घाबरून त्याच्यामागं लागतात अन् चपट्याईले म्हणतात बारीक तं हाय, राहू दे.

मले दोन फोटो पाहिजेत. पंप बंद कर, पाणी थांबलं का काचेवरचा एक ठिपका पिपेटनं ओढून पांढऱ्या वाटीत टाक अन् वरून फोटो काढ, शेपटीकडं तीन टोकं दिसतात का ते पाहायचं हाय. दुसरा फोटो रात्रीचा, पण टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर बांध, लाल उजेडात ते एवढे बिचकत नाई, डोक्याकडचा भाग नीट येते. ओळख पटल्याशिवाय पाण्यात काहीच टाकू नको.

जीवशास्त्र_मॅडम (वरुड)

टँकवाले भाऊ बरोबर सांगताहेत. ब्रिसल वर्म म्हणजे वलयांकित प्राण्यांपैकी, आपल्या शेतातल्या गांडुळाचेच समुद्रातले नातेवाईक, वर्गाचं नाव पॉलिकीटा. त्यांच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी पायासारखे भाग असतात आणि त्यावर ते पांढरे राठ केसांचे झुपके. टँकमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो युरिथोए कॉम्प्लॅनाटा, हिंदी महासागरातही सगळीकडे आहे. उरलेलं खाणं, मेलेला स्नेल, दगडाच्या फटीतली घाण हे खाऊन तो जगतो. तुमचा हात पोचत नाही, पंपाचा झोत पोचत नाही, तिथे हे पोचतात. वाळू खालून भुसभुशीत ठेवतात ते वेगळंच.

इंटरनेटवर "फायरवर्म कोरल खातो" असं वाचून लोक घाबरतात. तो हर्मोडिसे कॅरन्क्युलाटा, अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी लालभडक झाडीसारखे कल्ले असतात आणि डोक्यावर घडीघडीचा तुरा. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. त्यामुळे शांत राहा.

एक मात्र नक्की पाळा, उघड्या हातानं दगड उचलू नका. ते केस चुनखडीचे आणि ठिसूळ असतात, कातडीत घुसून तुटतात आणि मग आग होते, सूज येते. घुसलेच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून लावायची आणि सरळ ओढायची, दोन-चारदा. मग व्हिनेगरमध्ये बोट बुडवायचं, चुनखडी विरघळते. सूज हातभर चढली किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठायचा.

गुरंढोरं (आर्वी)

मी जनावरायच्या दवाखान्यात काम करतो म्हणून बोलून राहिलो, माश्यातलं मले जास्त कळत नाई. शेळ्यायचं जंताचं औषध म्हणजे बहुतेक अल्बेंडाझोल नाईतं फेनबेंडाझोल, त्याचा डोस जनावराच्या वजनावर असते, किलोमागं मिलिग्रॅम. पाण्याच्या लिटरमागं किती हे त्या बाटलीवर कुठंच लिहिलेलं नसते, कारण ते औषध पोटात जायसाठी बनवलं. अन् बाटलीत नुसतं औषध नसते, ते पाण्यात तरंगत राहावं म्हणून घट्ट करायच्या वस्तू, प्रिझर्वेटिव असं बरंच असते. ते समजा टाकलं अन् किडे मेले, तं मेलेले किडे कुठं जातीन?

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

आर्वीवाल्या भाऊनं नेमकं धरलं. रात्री जेवढे किडे दिसतात त्याच्या कितीतरी पट दगडाच्या आत अन् वाळूत असतात. ते सगळे एका रात्रीत मेले का आतच सडतात, हात घालून काढता येत नाई, अमोनिया चढते, ऑक्सिजन उतरते अन् सकाळी मासे बी गेलेले. फेनबेंडाझोल किड्याकिड्यात भेद करत नाई, चांगले-वाईट सगळेच मारते. अन् तांब्याचं औषध तं विचारू बी नका, श्रिंप, स्नेल, हर्मिट सगळे जातात अन् तांबं दगडात-वाळूत शोषून बसते, मंग त्या दगडाचा भरवसा राहत नाई.

खारपाण_टँक (दर्यापूर)

फोटो टाकले पाहा. वाटीत घेतला तं खरंच मागं तीन टोकं हायेत, मधलं जरा लांब. रंग विटकरी, अंगावर बारीक ठिपके. दिवसा लाइटच्या खाली जिथं झोत कमी हाय तिथं काचेवर अन् दगडावर चादर पसरल्यासारखे जमतात, लाइट बंद झाली का कुठं जातात समजत नाई. लाल उजेडात केसवाला बी नीट दिसला, तुरा-बिरा काही नाई.

खाणं दिवसातून दोन वेळा देतो, फ्रोजनचा पूर्ण क्यूब. अन् एक विचारू का, आमच्या इकडं खारपाणपट्टा, बोअरचं पाणी एवढं खारं का पिकाले चालत नाई. तेच टँकमध्ये भरलं तं मिठाचा खर्च वाचन का? या किड्यायचा त्या पाण्याशी काही संबंध असन का?

जीवशास्त्र_मॅडम (वरुड)

तीन टोकं, विटकरी रंग, उजेडात जमणं, म्हणजे कॉन्व्होल्युट्रिलोबा. हॉबीत याला रेड प्लॅनेरिया म्हणतात, पण हा खरं तर प्लॅनेरिया नाही, चपट्या कृमींचाही सख्खा नाही, एसील नावाच्या वेगळ्याच गटातला आहे. याच्या अंगात हिरवं शैवाल राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करतं, म्हणून हा दिवसा ऊन खात बसतो. शिवाय पाण्यातले कोपेपॉड नावाचे बारके कवचधारी जीवही पकडून खातो. वाढायला जोडीदार लागत नाही, अंगाला कळी फुटून नवीन जीव सुटतो, काही जाती तर मधून दुभंगतात. म्हणून एका दगडावर चार आले तरी काही आठवड्यांत काच भरते.

बोअरच्या पाण्याचं सांगते. पूर्णा खोऱ्यातलं भूजल आपल्याला खारं लागतं, पण समुद्राच्या मानानं ते फार पातळ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तुमच्या बोअरमध्ये त्याचा अगदी थोडा हिस्सा, आणि मुख्य म्हणजे प्रमाणं वेगळी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बायकार्बोनेट कशाचाच मेळ समुद्राशी बसत नाही, नायट्रेट असेल तर ते आणखी वाईट. आरओ आणि पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर आणायचा आणि मग मरीन सॉल्ट मिसळून घनता १.०२५ ठेवायची. बोअरच्या पाण्यातून हे किडे येत नाहीत, ते समुद्राचेच रहिवासी. तुमच्याकडे ते त्या दगडावरून नाहीतर शेवाळातून आले असणार.

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

आता नीट वाच, घाई करायची नाई.

हे रेड प्लॅनेरिया मासे खात नाई, चावत नाई. कोरल असते तं त्यावर पसरून उजेड अडवते. खरा धोका वेगळा हाय. यायच्या अंगात विषारी द्रव्य असते अन् हजारो एकदम मेले का ते पाण्यात उतरते. लोकं औषध टाकतात, किडे मरतात, अन् तासाभरात मासे तळाशी. औषधानं मासे नाई मरत, किड्यायच्या विषानं मरतात. म्हणून सगळा खेळ मारायच्या अगोदर संख्या कमी करायचा हाय.

अ‍ॅक्वेरियमची पातळ एअर-लाइन नळी घे, एका टोकाले जुना टूथब्रश रबरबँडनं बांध, दुपारी लाइट पूर्ण असताना म्हणजे ते पसरलेले असताना हलक्या हातानं घासत घासत सायफन कर. पाणी सरळ बादलीत नको सोडू, बादलीच्या तोंडावर फिल्टर सॉक नाईतं जुन्या धोतराचा दुहेरी कपडा बांध, किडे वर राहतात अन् गाळलेलं पाणी परत टँकमध्ये घेता येते, नाईतं मीठ रोज वाया जाईन. हे काम रोज, निदान एक दिवसाआड. काचेवरचे कमी झाल्यासारखे वाटले तरी थांबू नको, दगडाच्या मागच्या बाजूचे आता उजेडात येतीन.

मंग औषध. सॅलिफर्ट कंपनीचं फ्लॅटवर्म एक्झिट म्हणून येते, याच कामासाठी बनवलेलं. ऑनलाइन मागवून घेजो. टाकायच्या अगोदर तीन गोष्टी तयार पाहिजेत. नवीन खारं पाणी, निदान टँकच्या चौथ्या हिस्स्याएवढं, त्याच तापमानाचं अन् त्याच घनतेचं, मिसळून फिरत ठेवलेलं. ताजा धुतलेला अ‍ॅक्टिवेटेड कार्बन (औषध अन् विष शोषणारा कोळसा), हाताशी. अन् एअर पंप चालू. डोस बाटलीवर लिहिला तेवढाच, पण लिटर नीट काढ. चार बाय दीड बाय दीड म्हणजे काठोकाठ भरला तं अडीचशे लिटरच्या वर थोडं, पण दगड, वाळू अन् वरची मोकळी जागा वजा कर, संपमधलं पाणी मिळव.

टाकताना कार्बन अन् यूव्ही दिवा असन तं तो बंद. थोड्या वेळानं किडे सुटून पाण्यात तरंगायले लागतीन, तवा नळी घेऊन तयारच राहा, मेलेला किडा जेवढा लवकर बाहेर तेवढं विष कमी. नजर माश्याईवर ठेव. कल्ले जोरात हलायले लागले, का मासा वर येऊन तोंड उघडून राहिला, तं घड्याळ पाहू नको, लगेच कार्बन चालू अन् पाणी बदल. सगळं ठीक असलं तरी शेवटी कार्बन अन् पाणी बदल करायचाच. आठवड्याभरानं परत एक राउंड लागते, कारण एखाद-दोन लपलेले राहूनच जातात.

रविवारी सकाळी कर, रात्री झोपायच्या अगोदर नको. अन् ज्या दिवशी तुमच्या फीडरचं भारनियमन असन त्या दिवशी तं बिलकुल नको.

झिंगेवाली_ताई (पवनी)

माझा गोड्या पाण्याचा टँक आहे, चेरी श्रिंपचा. आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावातून आणलेल्या वनस्पतींसोबत पांढरे किडे आलेत, काही काचेवर सरकतात, काही पाण्यात वळवळत पोहतात. हेच का ते? आणि श्रिंपची पिल्लं कमी होत आहेत, म्हणून जीव लागत नाही.

जीवशास्त्र_मॅडम (वरुड)

ताई, ते वेगळे. गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया खरा चपटा कृमी, डोकं बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी आणि वर दोन डोळ्यांचे ठिपके, काचेवर न वळवळता घसरत जातो. तो श्रिंपच्या पिल्लांना आणि अंड्यांना त्रास देतो, तुमची पिल्लं त्यामुळेच कमी होत असावीत. पाण्यात एस आकारात वळवळणारे दोऱ्यासारखे असतात ते डेट्रिटस वर्म, निरुपद्रवी, फक्त खाणं जास्त पडतंय एवढंच सांगतात. आधी भिंगानं डोकं पाहा.

प्लॅनेरियाच निघाला तर गोड्या पाण्याच्या श्रिंप टँकमध्ये फेनबेंडाझोल अगदी बारीक मात्रेत वापरतात, किंवा नो-प्लॅनेरिया नावाची पावडर. ती सुपारीच्या अर्कापासून केलेली असते. दोन्हींचा श्रिंपला सहसा त्रास होत नाही पण स्नेल दगावतात, म्हणून स्नेल आधी दुसरीकडे हलवायचे. आणि कोणी सांगेल की मग घरची सुपारीच भिजवून टाका, ते कृपा करून करू नका. घरच्या सुपारीत अर्क किती उतरला हे मोजता येत नाही, आणि आपल्याकडे खर्रा घोटलेल्या हातानं टँकला हात लागला तर तंबाखूही त्यात जाते, निकोटिन श्रिंपसाठी विष आहे. चपटा कृमी कापू नका, प्रत्येक तुकड्याचा नवीन होतो.

झिंगेवाली_ताई (पवनी)

त्रिकोणी डोकंच आहे. स्नेल बाजूला काढते आज. खूप आभार मॅडम.

गुरंढोरं (आर्वी)

तंबाखूवरून आठवलं, फवारणीचा सीझन हाय. कपाशीवर फवारून आलेल्या माणसानं त्याच हातानं माश्यायले खाणं देऊ नये. आमच्याकडं जनावरायले विषबाधा होऊन येते तं बारक्या श्रिंपचं काय घेऊन बसलात. कीटकनाशक किड्यासाठी बनते अन् श्रिंप त्याच खानदानातला. फवारणीचा पंप, कपडे टँकच्या खोलीत ठेवू नका, हात साबणानं कोपरापर्यंत धुवा.

हिंगणघाट_कापूस

धागा पूर्ण वाचला. माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. माझ्याकडे रोज रात्री एखादा स्नेल गायब होतो, सकाळी रिकामा शंख. आधी हर्मिटवर संशय होता. पण परवा मध्यरात्री लाल टॉर्च मारला तर दगडाच्या एका भोकातून जांभळट चमकणारा जाड किडा हातभर बाहेर, डोक्यावर मिशा, मोजल्या तर पाच. पंख्याचा आवाज झाला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत आत गेला. हा पण सफाई कामगारच का? दगड कोकणाच्या किनाऱ्यावरून कोणीतरी आणून दिलेला आहे.

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

नाई भाऊ, हा सफाई कामगार नाई. पाच मिशा, इंद्रधनुषी चमक, वीज चमकल्यासारखी आत जायची सवय, हे युनिसिड. बारके युनिसिड बहुतेक त्रास देत नाई, पण हातभर झालेला मांस खातेच. यातला सगळ्यात मोठा युनिसे अ‍ॅफ्रोडायटॉइस, बॉबिट वर्म म्हणतात, तीन मीटरपर्यंत सापडलेला हाय. इंग्लंडमध्ये न्यूकीच्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये २००९ साली मासे जखमी होऊन राहिले होते, कोरल तुटून राहिलं होतं, शेवटी अख्खा डिस्प्ले उपसून दगड एकेक काढला तवा चार फुटाचा किडा सापडला, त्याले त्याईनं बॅरी नाव ठेवलं. तवा तुम्हाले परवापर्यंत हा दिसला नाई तं त्यात नवल काही नाई.

तुमच्याकडं भोक माहीत हाय, ही अर्धी लढाई जिंकली. दिवसा, किडा आत असताना, जाड रबरी हातमोजे घालून तो दगड अख्खा बाहेर काढा अन् टँकच्याच पाण्याच्या बादलीत ठेवा. मंग सिरिंजनं साधा सोडा, म्हणजे नुसता गॅसवाला, लिंबू-साखरेचा नाई, त्या भोकात सोडा. कार्बन डायऑक्साइडनं त्याले आत राहवत नाई, बाहेर येते. नाई आला तं मीठ जास्त टाकलेलं, दीडपट खारं पाणी सोडा. बाहेर आला का चिमट्यानं ओढू नका, तुटते, अन् मागचा तुकडा आतच राहते. पूर्ण बाहेर येऊ द्या. अन् बोट तोंडाजवळ नेऊ नका, जबडा असते त्याले. दगड परत ठेवताना टँकच्या पाण्यात दोनदा विसळा.

जीवशास्त्र_मॅडम (वरुड)

किनाऱ्यावरून आणलेल्या दगडाबद्दल बोलायलाच हवं. प्रवाळ मेलेलं असलं तरी ते उचलणं, विकणं, जवळ बाळगणं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, दगड बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे आणि सी-कुकंबरही त्यात आहेत. साधा खडक असेल तर गोष्ट वेगळी, पण किनाऱ्यावरून काहीही आणू नका आणि कोणी आणून दिलं तर घेऊ नका. जिथे तो दगड होता तिथे त्या किड्याचं घर होतं, तिथे तो शिकारी म्हणून योग्यच होता. सिरॅमिकचा दगड वापरा, क्लाउनफिश हवे असतील तर टँकमध्ये पैदा झालेले मागा, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास करायची पद्धत आपल्याच देशात बसवलेली आहे.

खारपाण_टँक (दर्यापूर)

सायफन सुरू केला, रोज कपड्यावर विटकरी गाळ जमून राहिला, आता काच बरीच साफ दिसते. औषध मागवलं हाय. आणखी एक, काल दुपारी लाइट गेली, गरमी भयंकर, तं ब्रिसल वर्म भर दिवसा वाळूतून बाहेर येऊन काचेवर वर चढून राहिले होते. अंधारात येणारे दुपारी काहून आले?

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

हा निरोप हाय, सोडू नको. पाणी तापलं का त्यात ऑक्सिजन कमी मावते, अन् पंप बंद असला का वरून बी मिसळत नाई. वाळूच्या तळाशी पहिले संपते, म्हणून किडे वर येतात. त्याच्यानंतर मासे हापसायले लागतात. केसवाले किडे ठेवा म्हणतो त्याचं हे बी एक कारण, कोणत्याही मीटरच्या अगोदर ते सांगतात. हे दिसलं का बॅटरीवरचा एअर पंप लगेच चालू कर. इन्व्हर्टरवर सगळा टँक टाकायची गरज नाई, एक वेवमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) नाईतं रिटर्न पंप (संपमधून पाणी वर टाकणारा) चालला तरी पुरते. हीटर अन् लाइट इन्व्हर्टरवर नको.

आमच्या ब्रह्मपुरीत उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, टँक २४ ते २७ मध्ये ठेवायचा म्हणजे कसरतच. संपवर छोटे पंखे लावतो, पाणी उडते अन् तापमान दोन-तीन डिग्री उतरते, आपल्या कोरड्या हवेत हे लय चांगलं चालते. फक्त त्याच खोलीत कूलर असन तं हवा ओली होते अन् पंख्याचा फायदा अर्धा होते, म्हणून कूलर दुसऱ्या खोलीत, टँकच्या खोलीची खिडकी उघडी. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी भरायचं, खारं नाई, मीठ उडत नाई ना.

अन् खाणं कमी कर बावा. दोन क्लाउन अन् एका श्रिंपले रोजचे दोन क्यूब म्हणजे अर्धं तं किड्यायलेच जाते. क्यूब गाळणीत वितळव, ते पाणी फेक, अर्धा सकाळी अर्धा संध्याकाळी, तेवढंच. दीड-दोन महिन्यात ब्रिसल वर्म आपोआप कमी दिसतीन, कारण जेवढं खाणं तेवढे किडे. तरी जास्त वाटले तं सापळा लाव. पातळ झाकणाची छोटी बाटली, झाकणाले पेन्सिल जाईन एवढी भोकं, आत झिंग्याचा तुकडा, लाइट बंद झाली का वाळूवर आडवी ठेव अन् उजाडायच्या अगोदर काढ. पण सगळे काढू नको, कधीच.

हिंगणघाट_कापूस

मॅडम, दगडाचं लक्षात घेतलं, आता सिरॅमिकच घेईन. किड्याचं सांगतो. सोड्यानं पहिल्यांदा नाही निघाला, खाऱ्या पाण्यानं निघाला. पूर्ण आला, तुटला नाही. जांभळट चमक, पाच मिशा, खाली काळे जबडे स्पष्ट दिसतात. त्या रात्रीपासून स्नेल शाबूत आहेत. आता तो बादलीत जिवंत आहे, काय करू? नाल्यात सोडावा वाटत नाही.

जीवशास्त्र_मॅडम (वरुड)

नाल्यात, नदीत, विहिरीत कुठेच सोडू नका, गोड्या पाण्यात तो तसाही तडफडून मरेल. आणि टँकमधलं काहीच बाहेरच्या पाण्यात सोडायचं नसतं. तुमच्याकडे संपचा मोकळा कप्पा असेल तर वाळू आणि पीव्हीसीचा पाइप टाकून, वर जाळी लावून वेगळा ठेवता येतो, झिंग्याच्या तुकड्यावर जगतो. नको असेल तर जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा, मुलांना पॉलिकीटाचा खरा नमुना पाहायला मिळणं आपल्या भागात फार दुर्मीळ. आमच्या मुलांनी समुद्रच पाहिलेला नसतो, पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या आकृतीवर परीक्षा देतात. देताना सोबत कागदावर लिहा, कुठून आला, किती महिने टँकमध्ये होता, काय खात होता.

हिंगणघाट_कापूस

कॉलेजात देतो मॅडम. उद्याच बोलतो सरांशी.

खारपाण_टँक (दर्यापूर)

पहिला राउंड झाला. औषध टाकल्यावर थोड्याच वेळात किडे सुटून दोऱ्यासारखे गोळा होऊन पाण्यात फिरायले लागले, दोघं जण नळ्या घेऊन बसलो होतो, माहा लहान भाऊ एका बाजूनं मी एका बाजूनं. क्लाउन जरा वेळ जोरात श्वास घेऊन राहिले होते, ते दिसल्याबरोबर कार्बन चालू केला अन् पाणी बदललं. श्रिंप, स्नेल, मासे सगळे ठीक हायेत. ब्रिसल वर्म बी रात्री दिसले, म्हणजे ते बी वाचले. काचेवर आज एकही विटकरी ठिपका नाई.

आता दोन प्रश्न राहिले. एक, दुसरा राउंड करायचाच का, दिसत तं नाई काही. दोन, सिक्स-लाइन रास मासा आणला तं राहिलेले खाऊन टाकन का?

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

शाबास, दोघं बसले म्हणून झालं हे, एकट्याचं काम नव्हतंच.

दुसरा राउंड करायचाच. शेवाळाचा गुच्छ बाहेर काढून पांढऱ्या टबात झटक, त्यात एक तरी निघनच. ते कीटोमॉर्फा वेगळ्या बादलीत औषधाच्या पाण्यात ठेवून मंग साध्या खाऱ्या पाण्यात विसळून परत टाकजो, नाईतं संपमधून परत सुरू होते.

राससाठी थांब. सिक्स-लाइन काही टँकमध्ये खाते, काहीत ढुंकून बी पाहत नाई, अन् मोठा झाला का नवीन माश्यायले लय छळते. मेलानुरस रास त्याच्यापेक्षा बरा, पण त्याले झोपायले वाळू पाहिजे, निदान दोन इंच, अन् वर जाळीचं झाकण, कारण रास उडी मारते. तुह्या टँकवर झाकण नाई, फोटोत दिसून राहिलं. चेलिडोनुरा व्हेरियन्स नावाची निळी समुद्री गोगलगाय फक्त हेच किडे खाते, पण किडे संपले का उपाशी मरते, म्हणून ती आणू नको.

अन् आता पुढं जे काही टँकमध्ये येईन, दगड असो, शेवाळ असो का स्नेल, ते पहिले वेगळ्या बादलीत. हीटर, एअर पंप, थोडा उजेड, निदान महिनाभर. दुपारी उजेड पूर्ण असताना काचेवर, अन् रात्री लाल टॉर्च मारून आत पाहायचं.

खारपाण_टँक (दर्यापूर)

जाळीचं झाकण गावच्या वेल्डरकडून बनवून घेऊ का? लोखंडाची चौकट चालन?

ब्रह्मपुरीचा_टँकवाला

लोखंड नको, खाऱ्या पाण्याच्या वाफेनं गंज धरते अन् गळून पाण्यात पडते. अ‍ॅल्युमिनियमची खिडकीची चौकट घे, तिच्यात नायलॉनची पारदर्शक जाळी रबरानं बसव, मच्छरजाळीवाला करून देते. चौकट टँकच्या काठापेक्षा पाव इंच आत बसन असं माप दे, अन् पाइपासाठी कोपरा कापून घेजो. दुसरा राउंड झाला का फोटो टाक.